भाड्याने घर शोधताना टोकन पाठवायच्या आधी काय काय तपासायचं, सगळं सविस्तर

मे-जून आला की मला गावाकडून फोन सुरू होतात. कुणाच्या पोराला हिंजवडीत जॉब लागलेला असतो, कुणाची मुलगी कॉलेजला येणार असते, कुणाला सदाशिव पेठेत एमपीएससीसाठी कॉट बेसिसवर जागा हवी असते. आणि प्रश्न ठरलेला, "मावशी, ऑनलाइन एक भारी फ्लॅट मिळालाय, मालक टोकन मागतोय, पाठवू का?" (टोकन म्हणजे घर धरून ठेवायला द्यायचे आगाऊ पैसे.) मी पुण्यात १९ वर्षं राहते, त्यात ७ भाड्याची घरं बदलली, त्यामुळे सगळे मलाच विचारतात आणि ते बरंच आहे. विचारत नाहीत त्यांचीच काळजी वाटते.

मागच्या वर्षी माझ्या बहिणीच्या मुलाने विचारलं नाही. लातूरला बसून त्याने बाणेरचा वन बीएचके बघितला, भाडं ९,५००, फुल फर्निश्ड, नो ब्रोकरेज. बाणेरला ९,५०० मध्ये फर्निश्ड वन बीएचके मिळत नाही हे पुण्यातलं कुणीही सांगेल, पण लातूरच्या मुलाला ते कसं कळणार? मालक म्हणे सीआयएसएफमध्ये, बदली जम्मूला झालीय, म्हणून घर रिकामं. व्हॉट्सअॅपवर लगेच आयकार्ड आलं, कॅन्टीन कार्ड आलं, युनिफॉर्ममधला फोटो आला. "बेटा, मैं फौजी आदमी हूँ, पैसे का लालच नहीं है, बस घर अच्छे हाथ में जाना चाहिए." मग सोसायटीच्या गेटपासचे २,५००, व्हिजिट झाली की परत मिळणार. मग फ्लॅट होल्ड करायला एक महिन्याचं भाडं ९,५००, कारण "अजून दोन पार्ट्या लाइनमध्ये आहेत". मग रिफंड सिस्टीममध्ये अडकलाय, अजून ६,५०० टाका म्हणजे सगळे एकदम परत येतील. असे १८,५०० गेले, पावणेदोन तासात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बॅग घेऊन बाणेरला पोचला तर सोसायटी होती, गेट होतं, वॉचमन होता, पण फ्लॅट नंबर ११०३ म्हणून सांगितलेला आणि बिल्डिंग सात मजली.

नंतर मी ते फोटो लॅपटॉपवर मोठे करून बघितले. जाहिरातीत लिहिलं होतं "ब्रँड न्यू फ्लॅट, कुणीही राहिलेलं नाही". आणि किचनच्या फोटोत फ्रीजशेजारी कालनिर्णय टांगलेलं, वर्ष २०२१, आणि काही तारखांवर पेनाने फुल्या मारलेल्या. दुधाचे खाडे. म्हणजे ते कुणाचं तरी राहतं घर होतं, त्यांचे फोटो कुठल्या तरी जुन्या जाहिरातीतून उचललेले. ते घर बाणेरचं तरी होतं का कोण जाणे.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगते. चार गोष्टी एकमेकींना जुळल्या पाहिजेत: घर, घराचा कागद, समोरचा माणूस आणि पैसे जातायत ते बँक खातं. घर खरं पाहिजे, कागदावर त्याच घराचा नंबर पाहिजे, कागदावरचं नाव समोरच्या माणसाचं पाहिजे आणि खातंही त्याच नावाचं पाहिजे. यातली एक जरी कडी तुटली तर एक रुपया पण द्यायचा नाही, टोकन नाही, व्हिजिट चार्ज नाही, काही नाही. खाली सगळं याच क्रमाने लिहिते.

जाहिरात बघताना

आधी त्या एरियाचं भाडं माहीत करून घ्या. एकाच साइटवर नाही, दोन-तीन ठिकाणी, त्याच सोसायटीचे किंवा शेजारच्या सोसायटीचे दहा तरी फ्लॅट बघा म्हणजे अंदाज येतो. वाकडला टू बीएचके १२,००० ला दिसला तर खूश होऊ नका, थांबा. गरजू मालक दोन-तीन हजार कमी करतो, निम्म्यावर येत नाही.

मग फोटो. गूगल लेन्समध्ये टाकून बघा, तोच हॉल दुसऱ्या शहरात दुसऱ्या नावाने सापडला की विषय संपला. सापडला नाही म्हणजे खरा असं मात्र नाही. फोटो मोठा करा, खिडकीबाहेर काय दिसतंय, स्विचबोर्ड आपल्याकडचे आहेत का, एका फोटोत टाइल्स पांढऱ्या आणि दुसऱ्यात वेगळ्या आहेत का, कोपऱ्यात पुसलेला वॉटरमार्क आहे का. हॉटेलच्या रूमसारखी चादर आणि भिंतीवर एक खिळाही नाही असे फोटो असतील तर जास्त सावध.

जाहिरातीत सोसायटीचं नाव नसेल, फक्त "नियर आयटी पार्क" असेल, तर फोन करून पहिलं तेच विचारायचं. सोसायटी कुठली, विंग कुठली, मजला कितवा, एकूण मजले किती, पाणी किती वाजता येतं, टँकर लागतो का, पार्किंग कव्हर्ड आहे का. खरा मालक पाण्याबद्दल दोन मिनिटं बोलतो, तक्रारीसकट. खोट्याला पाण्याचं काहीच माहीत नसतं, तो गोल फिरून परत पैशावर येतो.

फोनवर बोलताना

लष्कर, सीआयएसएफ, एअरफोर्स, मर्चंट नेव्ही, नाहीतर "मी सध्या दुबईत असतो", या सगळ्याचा उपयोग एकच, मी प्रत्यक्ष भेटू शकत नाही हे तुम्हाला पटवायचं. वर्दीवर आपला विश्वास असतो आणि तोच वापरला जातो. आयकार्डचा फोटो पाठवणं हा पुरावा नाही, दुसऱ्या कुणाला तरी गंडवताना मिळालेली कागदपत्रं पुढच्याला दाखवली जातात. म्हणून तुम्ही पण स्वतःचं आधार-पॅन व्हॉट्सअॅपवर लगेच पाठवू नका. द्यावंच लागलं तर मास्क्ड आधार (ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात) द्या आणि पॅनच्या कॉपीवर तारीख टाकून "फक्त भाडेकरारासाठी" असं आडवं लिहून द्या.

खरंच बाहेरगावी असलेले मालक असतात, माझे स्वतःचे दोन मालक असेच होते, एक बंगळुरूला आणि एक अमेरिकेत. पण दोघांनीही चावी शेजाऱ्यांकडे ठेवली होती आणि घर बघायचे पैसे घेतले नाहीत. अमेरिकेतल्यांनी तर भावाच्या नावाने पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे कुलमुखत्यारपत्र, करून दिलेली, अॅग्रीमेंटला तोच आला. म्हणजे बाहेरगावी असणं हा गुन्हा नाही, बघायच्या आधी पैसे मागणं हा.

व्हिडिओ कॉलवर घर दाखवतो म्हणाला तर चांगलंच आहे, पण लाइव्ह पाहिजे, रेकॉर्ड करून पाठवलेला व्हिडिओ नको. आणि त्याला सांगा, गेटपासून सुरू करा, सोसायटीचा बोर्ड दाखवा, लिफ्टने वर जा, दारावरचा नंबर दाखवा, मग आत जा आणि किचनचा नळ उघडून दाखवा. जो तिथे उभा असेल त्याला यात काहीच अवघड नाही.

आता यूपीआयचं. हे लिहिताना मला राग येतो कारण अजून माणसं यात फसतायत. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे घ्यायला क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जाणार, "रिफंडसाठी स्कॅन करा" हे वाक्यच खोटं आहे. कुणी एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला सांगितलं तर फोन कट करा.

आणि हो, मालक मंडळींनी पण हे वाचा, कारण उलटा प्रकार तेवढाच चालतो. तुम्ही घर भाड्याने द्यायची जाहिरात टाकता, दहा मिनिटात फोन येतो, "पुण्यात पोस्टिंग झालीय, फॅमिलीसाठी घर पाहिजे, बघायची गरज नाही, फोटो आवडले, डिपॉझिट आत्ताच टाकतो". मग क्यूआर येतो, म्हणतो आमच्या डिपार्टमेंटमध्ये उलटी पद्धत आहे, आधी तुम्ही पाठवा मग डबल जमा होतील. अशी कुठलीही पद्धत नाही. घर न बघता डिपॉझिट देणारा भाडेकरू भेटला की तिथेच ओळखायचं.

घर बघायला जाताना

स्वतः जा, किंवा ओळखीच्या कुणाला तरी पाठवा. पुण्यात तुमच्या तालुक्याचं कुणी ना कुणी असतंच, त्याला एक चहा पाजा, तो दोन तास काढून बघून येईल. दिवसा जा. आत शिरताना वॉचमनला नुसतं विचारा, "अमुक फ्लॅट भाड्याने आहे ना, मालक कोण आहेत?" त्याच मजल्यावरची बेल वाजवा, काकू असतील त्यांना विचारा. कितीही संकोच वाटला तरी विचाराच. सोसायटीच्या ऑफिसमध्ये सेक्रेटरी किंवा मॅनेजर भेटले तर फ्लॅट कुणाच्या नावावर आहे, भाडेकरूसाठी सोसायटीचा काय नियम आहे, बॅचलर चालतात का, हे विचारा. एवढ्या तीन माणसांशी बोललात की निम्मे घोळ तिथेच उघडे पडतात.

चावी आहे म्हणजे मालक आहे असं समजू नका. हे फार महत्त्वाचं. आधीचा भाडेकरू, केअरटेकर, कधी आठवडाभरासाठी घर घेतलेला माणूस पण चावीने दार उघडून तुम्हाला घर दाखवू शकतो. घर खरं, माणूस खोटा.

एजंट असेल तर त्याचं ऑफिस बघा, बोर्ड बघा, शेजारच्या दुकानात विचारा किती वर्षं आहे. पुण्या-मुंबईत साधारण ११ महिन्यांच्या करारामागे एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज घेतात, आणि ते अॅग्रीमेंट झाल्यावर द्यायचं असतं. काही जण आधी "रजिस्ट्रेशन" म्हणून दीड-दोन हजार घेतात, दहा मालकांचे नंबर देतो म्हणतात, आणि त्या नंबरांवर फोन केला की सगळीकडून एकच उत्तर, घर कालच गेलं. त्यात पडू नका.

कागद

बहुतेक लोक इथे लाजतात. एवढा मोठा माणूस, त्याला कागद कसा मागायचा? अहो तो तुमचं आधार, पॅन, कंपनीचं आयकार्ड, सगळं मागतो की, मग तुम्ही एक लाइट बिल मागितलं तर त्यात अपमान कसला. मी सरळ म्हणते, "काका, अॅग्रीमेंटला लागेल म्हणून इंडेक्स टू आणि लाइट बिल बघून घेते." आजपर्यंत कुणी चिडलेलं नाही.

काय मागायचं ते सांगते. सगळ्यात चांगला इंडेक्स टू, म्हणजे घर विकत घेताना दस्त नोंदणी झाली त्याचा सारांश, त्यात घेणाऱ्याचं नाव, फ्लॅट नंबर, सर्व्हे नंबर सगळं असतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर मोफत शोध आहे, वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून तुम्ही स्वतः पण बघू शकता. साइट हळू आहे, कॅप्चा दोनदा टाकावा लागतो, रात्री उशिरा बघा. त्यानंतर महावितरणचं चालू लाइट बिल (मुंबईत जी कंपनी असेल तिचं), महापालिकेचं प्रॉपर्टी टॅक्स बिल आणि सोसायटीचं मेंटेनन्स बिल. चारपैकी दोन तरी बघा. एका बिलावर वडिलांचं नाव आणि दुसऱ्यावर मुलाचं, असं होतं, ते विचारून घ्या, पण तिसऱ्याच माणसाचं नाव आलं तर समोरच्या माणसाकडे त्याची नोंदणीकृत पॉवर ऑफ अॅटर्नी आहे का ते बघा आणि मूळ मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला.

बिल पीडीएफमध्ये आलं तर ते एडिट झालेलं असू शकतं. म्हणून लाइट बिलावरचा मीटर नंबर आणि खाली मीटर रूममधला नंबर जुळतो का बघायचा. पाच मिनिटांचं काम आहे. मी टॉर्च लावून बघते.

मुंबईकरांसाठी हेवी डिपॉझिटबद्दल

इथे थोडं थांबते कारण यात हजारात नाही, लाखात जातात. हेवी डिपॉझिट म्हणजे महिन्याचं भाडं नाही किंवा नावाला, त्याऐवजी एकदम पाच, सात, दहा लाख द्यायचे आणि घर सोडताना पूर्ण परत. मुंबई-ठाण्यात मध्यमवर्गीय माणूस यात जातो, गावची जमीन विकून किंवा बायकोचे दागिने ठेवून, कारण भाडं वाचतं.

घोळ असा होतो. एक माणूस मालकाकडून साधा ११ महिन्यांचा करार करून फ्लॅट भाड्याने घेतो, मालकाला महिन्याला नियमित भाडं देतो. आणि तोच फ्लॅट स्वतः मालक किंवा मालकाचा माणूस म्हणून तुम्हाला हेवी डिपॉझिटवर देतो. तुम्ही राहायला जाता, सगळं छान चाललेलं असतं, कारण तुमच्याच पैशातून तो मालकाला भाडं देत असतो. चार-सहा महिन्यांनी तो भाडं थांबवतो, फोन बंद होतो आणि खरा मालक दारात येऊन विचारतो, तुम्ही कोण? कधी कधी एकच फ्लॅट तीन-चार कुटुंबांना दाखवून सगळ्यांकडून पैसे घेतलेले असतात आणि ताबा द्यायच्या दिवशी सगळे एकाच दारात सामान घेऊन उभे.

म्हणून हेवी डिपॉझिट असेल तर इंडेक्स टू बघितल्याशिवाय, इंडेक्सवरच्या माणसाला स्वतः भेटल्याशिवाय आणि करार नोंदवल्याशिवाय पैसे नाहीत. त्या फ्लॅटवर कर्ज आहे का, बँकेची जप्तीची नोटीस दारावर लागलेली होती का, हे सोसायटीत विचारा. रक्कम करारात पूर्ण लिहिलेली पाहिजे, अर्धी कॅश अर्धी चेक असं म्हणाला तर नको म्हणा. मला माहितीय घर हातातून गेल्यासारखं वाटतं. जाऊ द्या.

करार आणि पैसे

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदणीच नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मालकालाही सांगा, त्याच्याही फायद्याचं आहे. ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलं म्हणजे नोंदणी झाली असं नाही, नोटरी वेगळं आणि रजिस्ट्रेशन वेगळं.

लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हाच भाडेकरार, आता घरी बसून होतो, एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येतो, दोघांचं आधार, दोघांचे अंगठे, दोन साक्षीदार. खर्च किती ते कळावं म्हणून सांगते. २०,००० भाडं आणि ६०,००० डिपॉझिट, ११ महिने. भाड्याचे झाले २,२०,००० आणि त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्याने धरलेलं व्याज, साडेपाच-सहा हजार. या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण ५६५ रुपये. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. वर थोडा हाताळणी खर्च आणि एजंटची फी. एवढ्याशा पैशासाठी नोंदणी टाळणारा मालक काहीतरी लपवत असतो असं मी समजते, निदान टॅक्स तरी.

आणि या अंगठ्याचा फायदा बघा. खोटा मालक असेल तर त्याला आधारवर स्वतःचा अंगठा द्यावा लागतो, तिथे नाव बदलता येत नाही. पण मशीन घेऊन येणारा एजंट तुमच्या ओळखीचा पाहिजे, मालकानेच आणलेला नको.

टोकन द्यायचंच असेल तर घर आणि कागद बघून झाल्यावर, हजार-दोन हजारच, आणि मालकाच्या बँक खात्यावर. यूपीआय करताना पैसे जायच्या आधी बँकेतलं नाव दिसतं, आणि आता एनईएफटी करतानाही खातेदाराचं नाव दाखवतात, ते नाव इंडेक्स टूवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. "माझं खातं लिमिटला आलंय, मेव्हण्याच्या नंबरवर टाका" म्हणाला की थांबायचं. टोकन दिल्यावर व्हॉट्सअॅपवर त्याच्याकडून लिहून घ्या, कुठल्या फ्लॅटचं, किती, व्यवहार झाला नाही तर कधी परत. उरलेलं डिपॉझिट अंगठे झाल्यावर, चावी हातात घेताना. कॅश नाही. मालकाने पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली का ते पण विचारा.

गोवा आणि परदेश, थोडक्यात

गोव्यात डिसेंबरच्या सीझनला व्हिलाच्या खोट्या जाहिराती खूप चालतात, स्विमिंग पूलचे फोटो कुठल्या तरी हॉटेलचे. तिथे पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घराला पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, तो नोंदणी क्रमांक मागा आणि मॅपवर बघून आजूबाजूच्या दुकानाला फोन करा.

शिकायला इंग्लंडला चाललेल्या मुलांनी जायच्या आधी वर्षभराचं घर ठरवू नये, पहिले दोन-तीन आठवडे युनिव्हर्सिटीचं हॉस्टेल किंवा ओळखीच्यांकडे राहून मग बघावं. तिथल्या घोळात मालक "मी दुसऱ्या देशात आहे, चावी कुरियरने पाठवतो" म्हणतो. इंग्लंडमध्ये नेहमीच्या भाड्याच्या घराला डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही (वार्षिक भाडं ५०,००० पाउंडांच्या आत असेल तर) आणि ते सरकारमान्य योजनेत ३० दिवसांत जमा करावं लागतं, हे माहीत असलं तरी पुष्कळ वाचतं.

पैसे गेलेच तर

लाजू नका, घरच्यांना नंतर सांगा, आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. पहिल्या एक-दोन तासात पैसे पुढच्या खात्यात पडून असतात, तेवढ्यात तक्रार गेली तर तिथे होल्ड लागतो. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक), समोरचा यूपीआय आयडी, तारीख, वेळ हाताशी ठेवा. लागलीच स्वतःच्या बँकेला कळवा, मग राष्ट्रीय सायबरक्राईम पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. चॅट डिलीट करू नका, त्याला ब्लॉक करायच्या आधी सगळे स्क्रीनशॉट काढा, जाहिरातीची लिंक पण, आणि साइटवर ती जाहिरात रिपोर्ट करा म्हणजे पुढचा वाचेल. गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलमाखाली, ३१८ खाली नोंदवतात, पूर्वीचं ४२०. बँक भरून देईल असं धरून बसू नका, कारण पिन तुम्ही स्वतः टाकलेला असतो.

माझ्या भाच्याने त्याच संध्याकाळी १९३० ला फोन केला असता तर जास्त अडवता आले असते, पण त्याने रात्रभर रिफंडची वाट बघितली. दुसऱ्या दिवशी बाणेरहून माझ्याकडे आला, तेव्हा आम्ही फोन लावला. शेवटचे ६,५०० होल्ड झाले, बाकी पुढे निघून गेलेले. ते होल्ड झालेले सुटायला पण वेळ जातो.

आणि अजून एक. तक्रार केल्यानंतर साधारण महिन्याने त्याला फोन आला, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे १८,५०० रिकव्हर झालेत, प्रोसेसिंगचे ९९९ भरा." रक्कम अगदी बरोबर सांगितली. त्याने मला कॉन्फरन्सवर घेतलं, मी विचारलं तक्रार क्रमांक काय, तर फोन कट. तो नंबर आम्ही त्याच तक्रारीत जोडून टाकला.